घाई नसलेला वारा

उष्णतेला आवाज नसतो. चुलीवर राहिलेला रिकामा तवा, भर दुपारची पत्र्याची शेड, उन्हात उभी केलेली मोटार, सगळं मुकाट तापतं. संगणकाच्या पोटातला प्रोसेसरही ऐंशी अंशांवर गेला तरी हूं की चूं करत नाही. आवाज करतात ते पंखे, आणि तेही उष्णतेपायी नव्हे. वाऱ्याला अरुंद वाटेने, बारीक भोकांतून, वायरींच्या गुंत्यातून घाईघाईने हाकललं की तो कुरकुरतो, शीळ घालतो, चरफडतो. शांत संगणक बांधायचा म्हणजे या वाऱ्याची घाई काढून घ्यायची. बाकीची कामं स्क्रू-ड्रायव्हरची.

मला या शांततेची गरज पडली ती पुस्तकांमुळे. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी मी घरी बसून पुस्तकं मोठ्याने वाचतो आणि ध्वनिमुद्रित करतो. माणसाचा कान फार उदार असतो. एकसारखा चाललेला आवाज तो थोड्याच वेळात हिशेबातून काढून टाकतो. छताचा पंखा, फ्रिज, लांबचा रस्ता, काहीच ऐकू येईनासं होतं. मायक्रोफोनपाशी ही उदारता नाही. त्याला आपला आवाज आणि संगणकाची घरघर दोन्ही सारखीच. वाक्य चालू असताना ती घरघर झाकली जाते, पण पूर्णविरामानंतर श्वास घेण्यापुरती जी मोकळी जागा असते, तिथे ती नेमकी वर येते. एखाद्या कथेत म्हातारी मरते, वाचणारा क्षणभर थांबतो, आणि त्या थांबण्यात एक स्वस्तातला पंखा घुमत असतो. हेडफोन लावून असं एक प्रकरण ऐकलं की माणूस कॅबिनेट उघडतोच.

पहिला मोह होतो तो पंखेच काढून टाकण्याचा. हा मोह माझ्यासारख्या हौशी माणसाचाच आहे असं नाही. १९८० साली ॲपल कंपनीने आपला ‘ॲपल थ्री’ बाजारात आणला तो पंख्याशिवाय. पंखा नकोच, हा स्टीव्ह जॉब्जचा हट्ट. त्या यंत्रातल्या चिपा तापून खोबणीतून सैल होतात अशी त्याची ख्याती झाली, आणि यंत्र दोन-तीन इंच उचलून टेबलावर आपटा म्हणजे चिपा पुन्हा जागेवर बसतील, असा सल्ला गिऱ्हाइकांना दिला गेला. वीस वर्षांनी, २००० साली, त्याच कंपनीने ‘क्यूब’ काढला. पारदर्शक आवरणातला देखणा ठोकळा, पंखा नाही, खालून गार हवा शिरायची आणि तापून वरून निघून जायची. वर्षभरातच त्याचं उत्पादन थांबलं, महाग होता म्हणून. गरम हवा आपण होऊन वर जाते हे खरंच, पण ती जाते आपल्या मर्जीने, आणि आमच्या नागपूरच्या मे महिन्यात तिची मर्जी फारशी नसते.

तेव्हा पंखे हवेत. किती आणि कसे, याचं एक गणित आहे आणि ते मला फार आवडतं. पंख्याचा वेग निम्मा केला की वारा निम्मा होतो. त्याला लागणारी वीज मात्र आठव्या हिश्शावर येते, आणि आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. आता एकाऐवजी दोन पंखे निम्म्या वेगाने चालवा. वारा पूर्वीइतकाच झाला. दुसऱ्या पंख्याचा आवाज मिळवला की ३ डेसिबल वाढतात. म्हणजे तेवढाच वारा, आणि १२ डेसिबल वाचले. कानाला १० डेसिबलचा उतार म्हणजे आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटतो, त्यामुळे ही बचत कागदावरची नव्हे. पंखा मोठा घेतला तर आणखी बरं: जुन्या कॅबिनेटातल्या ८० मिलिमीटरच्या पंख्यापेक्षा १२० मिलिमीटरचा पंखा सव्वादोन पट तोंडाने हवा ओढतो, त्यामुळे त्याला धावावं लागत नाही. एकाला पळवून दमवण्यापेक्षा दोघांना चालवावं.

गंमत म्हणजे खुद्द प्रोसेसर बनवणारेही याच निष्कर्षाला आले. नव्वदच्या दशकात सगळी शर्यत वेगाची होती. दरवर्षी मेगाहर्ट्झ वाढायचे आणि जाहिराती त्याच आकड्याच्या. चिपेतले ट्रान्झिस्टर लहान झाले की त्याच प्रमाणात वीजही कमी लागेल, हा १९७४ साली रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेला हिशेब तोवर निभावत होता. मग तो निभावेनासा झाला. २००४ साली इंटेलने ‘तेजस’ हा पुढचा प्रोसेसर बाजारात यायच्या आधीच रद्द केला, चार गिगाहर्ट्झचा पेंटियम फोरही सोडून दिला, आणि पुढच्याच वर्षी एका तुकड्यात दोन गाभे, म्हणजे कोअर, असलेले प्रोसेसर विकायला काढले. एका गाभ्याला ऊर फुटेस्तोवर पळवायचं सोडून दोघांत काम वाटून दिलं. आज आपल्या टेबलावर सहा-आठ गाभ्यांचे प्रोसेसर आहेत ते या माघारीमुळे.

आता त्या उष्णतेची वाट. माझ्या यंत्रातला प्रोसेसर ६५ वॅटच्या वर्गातला आहे. त्यातली बहुतेक उष्णता ज्या सिलिकॉनच्या चकतीतून निघते ती एक चौरस सेंटिमीटरही भरत नाही. एवढ्याशा जागेतून निघालेली उष्णता पसरवायची कशी? त्यासाठी कूलरमध्ये तांब्याच्या नळ्या असतात. बघणाऱ्याला त्या भरीव सळया वाटतात, पण आतून पोकळ असतात. आतली हवा काढून घेऊन थोडंसं पाणी ठेवलेलं असतं. दाब इतका कमी की ते पाणी नुसत्या कोमट तापमानालाही उकळतं. खालच्या टोकाला, प्रोसेसरपाशी, त्याची वाफ होते. वाफ वरच्या गार टोकाकडे धावते, तिथे ॲल्युमिनियमच्या पात्यांना उष्णता देऊन पुन्हा पाणी होते, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून झिरपत परत खाली येते. पंप नाही, मोटार नाही, आवाज नाही. आपल्या माठाचंच तत्त्व. फरक इतकाच की माठाची वाफ हवेत जाते ती जातेच, इथली परत घरी येते. १९६३ साली जॉर्ज ग्रोव्हर यांनी अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत ही नळी घडवली, पुढे ती उपग्रहांत गेली, आणि आता ती दोन-अडीच हजारांच्या कूलरमध्ये आपल्याला मिळते. पाणी खेळवणारे, पंप आणि रबरी नळ्या असलेले महागडे कूलरही असतात. दिसतात झकास, पण पंप म्हणजे आणखी एक मोटार, आणि माझ्या खोलीत मला आणखी मोटार नको होती.

प्रोसेसरचा पृष्ठभाग आणि कूलरचा तळ, दोन्ही हाताला गुळगुळीत लागतात. तरी एकमेकांवर ठेवले की मधे सूक्ष्म फटी राहतात, आणि फटीत हवा. हवेसारखी अडेलतट्टू वस्तू नाही, उष्णतेला ती जाऊच देत नाही. म्हणून मधे पेस्ट लावायची. पेस्टमधून उष्णता हवेच्या शंभर पटींहून अधिक सहज जाते, पण तांब्यापुढे पेस्टही मंदच, त्यामुळे थर जितका पातळ तितका चांगला. मधोमध वाटाण्याएवढा ठिपका द्यायचा आणि कूलर आवळताना तो आपोआप पसरू द्यायचा. हे काम मी भाचीला दिलं. ती इंजिनिअरिंगला आहे आणि तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे.

“मामा, यात एकही लाइट नाही?” सगळे भाग मांडून झाल्यावर तिने विचारलं.

“नाही.”

“आणि हा पंखा या रंगाचा का?”

तिचा प्रश्न रास्त होता. मी हौसेने एक ऑस्ट्रियन पंखा घेतला होता, नोक्टुआ कंपनीचा. चॉकलेटी पाती आणि बदामी चौकट. सरकारी कचेरीतल्या जुन्या कपाटातही हे रंग उठून दिसले नसते. पण त्याच्या पात्यांचं टोक आणि चौकट यांच्यामधे फक्त अर्ध्या मिलिमीटरची फट असते. फट कमी, म्हणून निसटून मागे येणारी हवा कमी. आणि इतक्या फटीत पातं घासू नये म्हणून ते उष्णतेने सहसा न ताणल्या जाणाऱ्या खास प्लॅस्टिकचं केलेलं. हे सगळं मी भाचीला समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तरी पण, मामा, रंग!”

दिव्यांचं मला वावडं नाही, पण दुकानात गेल्यावर दिसतं काय? पुढून काच, बाजूने काच, आणि काचेमागे सप्तरंगी फिरणारे पंखे. पुढची काच बंद असेल तर हे पंखे हवा आणणार कुठून? कडेच्या बोटभर फटीतून. ती फट मग शीळ घालते, पंखे वेग वाढवतात, आणि मालक दुप्पट किमतीचा आवाज विकत घेतो. दुसरी तऱ्हा म्हणजे आतून फोम चिकटवलेलं ‘सायलेंट’ कॅबिनेट. फोम वरच्या पट्टीतला आवाज थोडा गिळतो हे खरं, पण त्यासाठी वाटा बुजवतो, आणि आतली हवा तापली की पंख्यांना पुन्हा पळायला लावतो. मी साध्या जाळीचं कॅबिनेट घेतलं. पुढून दोन पंखे हवा आत घेतात, मागून एक बाहेर टाकतो. आत येणारी हवा जास्त ठेवण्यात आणखी एक मतलब आहे: जास्तीची हवा फटीफटीतून बाहेर पडत राहते, त्यामुळे धूळ शिरते ती फक्त पुढच्या जाळीतून, जिथे तिला अडवता येतं. वायरी मदरबोर्डच्या मागच्या बाजूने नेल्या. जुनी हार्ड डिस्क काढून टाकली. ती मिनिटाला ७२०० फेरे घ्यायची, म्हणजे सेकंदाला १२०, आणि तोच खर्जातला गुंजारव टेबलाच्या फळीतून मायक्रोफोनच्या दांडीपर्यंत चढायचा. तिच्या जागी आता एसएसडी आहे; तिच्यात फिरणारं काहीच नाही.

सगळं जोडून झाल्यावर खरी शांतता बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, सापडली. प्रोसेसरचं तापमान फार उथळ स्वभावाचं असतं. एखादी फाइल उघडली की क्षणात पंधरा अंश वर, मिटली की खाली. पंखा त्याच्या तालावर नाचू लागला की भुर्रकन चढतो, ओसरतो, पुन्हा चढतो. कान एकसुरी आवाज सहन करतो. चढउतार त्याला सोसत नाही. एवढ्या मोठ्या कूलरला तापायलाच वेळ लागतो, त्यामुळे पंख्याला लगेच धावण्याचं काही कारण नाही. मी पंख्यांना सांगून ठेवलं आहे की काही सेकंद वाट बघा, मग हला. आणि सत्तर अंशांपर्यंत मिनिटाला सहाशे-सातशे फेऱ्यांच्या वर जाऊच नका. प्रोसेसरलाही विजेची मर्यादा घालून दिली. त्याचं काम थोडंसंच मंदावतं, उष्णता मात्र भरपूर कमी होते, कारण शेवटच्या चार पावलांच्या वेगासाठी त्याला व्होल्टेज चढवावं लागतं आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो.

राहता राहिली एक चिरचिर. ग्राफिक्स कार्डावरची तारेची वेटोळी विजेच्या चढउताराबरोबर थरथरतात आणि रातकिडा बोलल्यागत बारीक आवाज येतो. त्याला पंख्याचा इलाज चालत नाही. कुणाच्या कार्डात असतो, कुणाच्या नसतो. माझ्या कार्डात आहे. वाचताना ते कार्ड निवांत असतं म्हणून निभावतं.

आणि तरीही उन्हाळा येतो. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. वाऱ्याने गार होणारं कुठलंही यंत्र खोलीतल्या हवेपेक्षा गार होऊ शकत नाही. ते फक्त हवेच्या किती वर राहायचं एवढं ठरवू शकतं. खोली २० अंशांवर असताना ५५ दाखवणारा प्रोसेसर तेच काम खोली ४० अंशांवर असताना करील तर ७५ दाखवणार. त्यात बिघडलेलं काही नाही, आजच्या प्रोसेसरांना ते चालतं. खोलीतला वाळ्याचा कूलर मात्र चालू केला की संगणकाच्या शांततेला अर्थच उरत नाही; त्या घरघराटात माझ्या पंख्यांचं काय ऐकू येणार? म्हणून एप्रिल-मेमध्ये मी पहाटे वाचतो. छताचा पंखा बंद, कूलर बंद, खिडक्या लावलेल्या, अंगावर घामाच्या धारा. त्या खोलीत गार असतं ते एकटं यंत्र, म्हणजे त्याच्या मानाने गार. माणसापेक्षा संगणकाची जास्त बडदास्त ठेवतो, असं घरात बोललं जातं.

देखभाल फार नाही. दिवाळीच्या साफसफाईत आणि उन्हाळ्याच्या तोंडावर जाळी धुवायची, आत ब्लोअर मारायचा. ब्लोअर मारताना पातं बोटाने धरून ठेवावं. मोकळं सोडलं तर ते नको त्या वेगाने फिरतं, बेअरिंगला त्रास होतो. कॅबिनेट जमिनीवर न ठेवता पाटावर ठेवावं, भिंतीपासून वीतभर लांब.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर नागपुरात सीताबर्डीला, दुकानदार तुम्हाला आधी दिवे लावून दाखवील. दाखवू द्या. मग कॅबिनेटची पुढची बाजू काढून द्यायला सांगा, ती ट्यूबलाइटसमोर धरा आणि आरपार उजेड दिसतो का बघा. दिसत नसेल तर ते कॅबिनेट घेऊ नका.