सातबाऱ्यावरची एक ओळ

जव्हारला येऊन आम्हाला अठरा वर्षे झाली. आम्ही दोघेही मराठीचे प्राध्यापक, बिऱ्हाड भाड्याचे. पावसाळ्यात धुके खिडकीतून थेट स्वयंपाकघरात येते आणि उत्तरपत्रिका दमट होतात, ही एक तक्रार सोडली तर या गावाने आम्हाला काही कमी केले नाही. तेव्हा चाळिशी ओलांडल्यावर इथेच पाच गुंठे घ्यावेत, दोन खोल्या बांधाव्यात, असे वाटू लागले.

गावाबाहेर नागलीच्या वरकस जमिनीचा एक तुकडा मनात भरला. मालक वारली, आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील. त्यांना पैशांची निकड होती. भावही ठरला. अडले ते सातबाऱ्यावर. इतर हक्कांच्या रकान्यात एकच ओळ होती: कलम ३६ व ३६अ.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ची. तिच्यातल्या ३६अ या कलमामुळे जुलै १९७४पासून आदिवासीची जमीन विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण वा भाडेपट्टा यांपैकी कोणत्याही मार्गाने बिगरआदिवासीला द्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. पाच वर्षांपर्यंतचा पट्टा किंवा गहाण सोडल्यास त्याआधी शासनाची मान्यताही हवी. आम्ही चिडलो. दोन सज्ञान माणसे राजीखुशीने व्यवहार करू पाहतात, त्यात सरकारचे काय काम? चिडलेल्या माणसाला वाट दाखवणारा कुणीतरी भेटतोच. आम्हालाही एक मध्यस्थ भेटला. ‘जमीन एखाद्या आदिवासीच्या नावावर घ्या, घर तुमचेच,’ तो म्हणाला. आम्ही आठ दिवस त्यावर गंभीरपणे विचार केला, ही गोष्ट लपवून हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

त्याच आठवड्यात तृतीय वर्षाच्या वर्गात गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकावर बोलायचे होते. डहाणू-तलासरीच्या वारल्यांची वेठ, लग्नाच्या कर्जापायी आयुष्यभर राबणारा लग्नगडी, १९४५चा उठाव. शिकवता शिकवता आमचेच शब्द आमच्या कानांना बोचू लागले. सावकाराच्या कागदावरचा अंगठाही राजीखुशीचाच म्हणून नोंदला जात असे. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींकडून गेलेल्या जमिनी परत करण्याचा जो कायदा विधिमंडळाने केला, त्याच्या मुळाशी हाच संशय होता: निकडीत दिलेली संमती ही संमती असते काय?

तास संपत आला तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. “मॅडम, जमीन आमची म्हणता, मग तिच्यावर कर्ज काढायला गेलं की माझ्या भावाला सगळे परत का पाठवतात?”

भावाला पिठाची गिरणी टाकायची होती. आम्ही नंतर चौकशी केली. बँकेकडे जमीन तारण ठेवण्याची मुभा संहितेच्या कलम ३६मध्येच आहे. पण ज्या बँकेत तो गेला होता, तिथल्या साहेबांचा हिशेब सरळ होता: उद्या लिलावाची वेळ आली तर ही जमीन घेणार कोण? कायद्याने दार उघडे ठेवले होते, आत बोलावणारे कुणी नव्हते.

तिची तक्रार आणि आमची तक्रार ऐकायला सारखीच. दोघांचाही रोख सरकारी बंधनावर. पण आम्हाला सूट हवी होती ती तिच्या समाजाची जमीन घेण्यासाठी. तिला हवी होती ती त्याच जमिनीवर पाय रोवून उभे राहण्यासाठी. नियम फार झाले, असे म्हणणाऱ्याला आधी विचारावे, की बाबा रे, तुझा हात कुठे जाताना अडला?

सगळेच नियम या कसोटीवर उतरत नाहीत. मोहाचेच पाहा. झाड स्वतःच्या बांधावरचे, फुले उन्हाळ्याच्या तोंडाशी आपोआप गळणारी, आणि तरी ती वेचून साठवण्यावर, बाजारात नेण्यावर मद्यनिषेध कायद्याखालची बंधने. ती २०२१मध्ये शिथिल झाली. तोवर त्या नियमाने वेचणाऱ्या बाईचे काय राखले, हे आम्हाला सांगता येणार नाही. तिला धाक मात्र दिला.

सप्टेंबर २०२५मध्ये महसूलमंत्र्यांनी घोषणा केली, की आदिवासींना आपली जमीन खाजगी व्यक्तीला वा संस्थेला थेट भाडेपट्ट्याने देता येईल. मंत्रालयाची पायरी चढावी लागणार नाही, जिल्हाधिकारी पाहतील. भाडे एकरी वर्षाला किमान ५० हजार. आकडा मोठा आहे. पण जव्हार-मोखाड्याची कितीतरी घरे दिवाळीनंतर कुलूप लावून भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. पट्टा संपल्यावर बांध मोजायला घरी कोण असेल? बंधने सैल करायचीच तर आधी त्या मुलीच्या बाजूने करावीत: कर्जाच्या, बाजाराच्या, गिरणीच्या बाजूने. आमच्या बाजूची गाठ शेवटी सोडली तरी चालेल.

मध्यस्थाला आम्ही नाही म्हटले. आमची मान ताठ झाली, असे काही काळ वाटलेही. मग एका बाजाराच्या दिवशी ते गृहस्थ भेटले. जमीन तशीच आहे ना, आम्ही विचारले.

“जमीन राहिली, मास्तर,” ते म्हणाले. “देणंही राहिलं.”