लिहून देणार, लिहून घेणार

वकिलाची ओळख तो कोणती कामे पाहतो यावरून होते. कोणी फौजदारी पाहतो, कोणी दिवाणी, कोणी महसुली. माझी ओळख करून देताना मात्र लोक क्षणभर अडखळतात आणि शेवटी म्हणतात, "या म्हाताऱ्या माणसांच्या वकील." मला हे विशेषण आवडते. निर्वाहाचे अर्ज, मृत्युपत्रे, बक्षीसपत्रे आणि त्यांतून उभे राहणारे घरातले तंटे हेच माझे रोजचे काम आहे. या वाटेला मला कायद्याच्या पुस्तकांनी आणले नाही. आजोबांची लेखणी, आजीचा एक प्रश्न आणि आईचे मूक कष्ट यांनी आणले.

आजोबा कराडला कचेरीच्या आवारात दस्तलेखक म्हणून बसत. एक बुटके मेज, मुद्रांकाचे कागद, शाईची दौत आणि समोर अंथरलेली सतरंजी एवढाच त्यांचा पसारा. खरेदीपत्र, गहाणखत, वाटणीपत्र, हक्कसोडपत्र, जे येईल ते लिहीत. प्रत्येक दस्तात दोन पक्ष असत : लिहून देणार आणि लिहून घेणार. शेवटी एक ठरावीक मजकूर येई की, हा दस्त राजीखुषीने, अक्कलहुशारीने व कोणतीही नशापाणी न करता लिहून दिला आहे. पुष्कळ लेखक तो हातासरशी उतरवीत. आजोबा मात्र त्या ओळीपाशी थांबत. लिहून देणाऱ्याला सगळा कागद मोठ्याने वाचून दाखवीत आणि त्यात काय आहे ते त्याच्याच शब्दांत सांगायला लावीत. "ज्याला आपला कागद सांगता येत नाही, त्यानं तो अक्कलहुशारीनं दिला असं मी कसं लिहू?" असे ते विचारीत. या सवयीमुळे शेजारच्या मेजावर दिवसाला जितके दस्त होत, त्याच्या निम्मेही आजोबांकडे होत नसत. घरात पैशाची ओढ असे. पण ती सवय त्यांनी सोडली नाही.

आजीला अक्षरओळख नव्हती. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या मिळकतीत वारसाहक्क दिला. त्यानंतर काही वर्षांनी आजीचे वडील वारले आणि तिचे दोघे भाऊ हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन आमच्या घरी आले. आजोबांनी तो तिला वाचून दाखवला. हिस्सा सोडण्याला तिची ना नव्हती. त्या काळी बहिणीने हिस्सा घेणे म्हणजे माहेर तोडणे असेच मानले जाई. भाऊ सांगत होते, "आक्का, घर तुझंच हाय. सणावाराला ये, अडीअडचणीला ये, तुला कोण न्हाई म्हणणार?" तेव्हा आजीने विचारले, "मग तोंडानं बोलताय ते कागदावर का येत न्हाई?" भाऊ हसले. आजोबाही काही बोलू शकले नाहीत, कारण हक्कसोडपत्राच्या साच्यात त्या वाक्याला जागा नव्हती. आजीने अंगठा दिला. भावांच्या हयातीत बोललेला शब्द पाळला गेला; पुढच्या पिढीला तो कोणी सांगितलाच नव्हता. म्हातारपणी आजी हा प्रसंग सांगे, तेव्हा तिच्या बोलण्यात राग नसे. कोडे न सुटलेल्या माणसाचे नवल तेवढे असे.

शेवटची चार वर्षे आजी अंथरुणाला खिळून होती. तिचे सगळे आईने केले. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ती रात्रीतून दोनदा उठून आजीची कूस बदलत असे. वडील औषधे आणीत, डॉक्टरांना बोलावीत आणि नात्यागोत्यात 'आईला चांगले सांभाळले' असे त्यांचे नाव होई. ते खोटे नव्हते, पण अर्धे होते. पुढे मी २००७ चा माता-पिता व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण अधिनियम वाचला, तेव्हा त्यातील 'अपत्ये' या शब्दाच्या व्याख्येपाशी थबकले. तेथे मुलगा, मुलगी, नातू आणि नात आहेत, सून नाही. तिच्यावर कायद्याने भार टाकला नाही हे योग्यच. पण प्रत्यक्षात भार उचलणारी व्यक्ती त्या मजकुरात कोठेच दिसत नाही. आईमुळेच मला एक शिस्त लागली. म्हातारी माणसे तक्रार घेऊन येतात, तेव्हा समोरच्या घराला मी लगेच खलनायक ठरवत नाही. त्या घरात रात्री कोण उठते, हे आधी विचारते.

या कायद्याची पूर्वपीठिकाही जाणून घेण्यासारखी आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १२५ ने आईवडिलांना निर्वाहखर्च मागण्याचा हक्क दिला होता. कल्याणमधील एका विवाहित डॉक्टर मुलीच्या प्रकरणात १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, ही जबाबदारी विवाहित मुलीवरही आहे. २००७ च्या कायद्याने वाट आणखी सोपी केली. अर्ज न्यायाधिकरणाकडे जातो, निकालासाठी नव्वद दिवसांची मुदत आहे आणि दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मंजूर होऊ शकतो. गंमत अशी की, याच कायद्याचे कलम १७ तेथे वकिलामार्फत बाजू मांडू देत नाही. केरळच्या उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये वकिलांना मुभा दिली, तरी त्या कलमामागचा हेतू मला पटतो. म्हाताऱ्या माणसाने आपले म्हणणे आपल्या तोंडाने सांगावे, हेच तर आजोबांचेही मत होते.

मात्र आजीच्या प्रश्नाचे उत्तर मला सापडले ते कलम २३ मध्ये. ज्येष्ठ नागरिकाने आपल्या मूलभूत सोयी व गरजा पुरवल्या जाव्यात या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतरण रद्दबातल ठरवून घेता येते. येथे सगळा भर 'अट' या शब्दावर आहे. अशी अट दाखवता आली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. जानेवारी २०२५ मधील एका निकालात बक्षीसपत्रासोबत लिहून दिलेले वेगळे वचनपत्र न्यायालयाने विचारात घेतले आणि आईच्या बाजूने निर्णय दिला. तोंडाने बोललेले कागदावर यावे लागते, हे आजीला कायदा होण्यापूर्वीच उमगले होते.

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त एस.टी. वाहक पत्नी आणि मुलाला घेऊन आले. घर मुलाच्या नावे बक्षीस करायचे होते. मी सांगितले की, मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते, बक्षीसपत्र तसे मागे घेता येत नाही. तरीही करायचे असेल, तर सांभाळण्याची अट त्यात लिहावी. काका संकोचले. "पोराला वाटेल, बापाचा भरवसा नाही," ते म्हणाले. मी मुलाला बाहेर बसवले आणि मसुदा दोघांना वाचून दाखवला. काकू तोवर एक शब्दही बोलल्या नव्हत्या. वाचन संपल्यावर त्यांनी विचारले, "वकीलबाई, यात माझं नाव कुठं आलं? घर यांचं, अट यांची. हे गेल्यावर मी कुणाच्या ओळीत बसायचं?" काका बराच वेळ पत्नीकडे पाहत राहिले. मग मुलाला आत बोलावून त्यांनी स्वतःच सांगितले, "दोघांच्या हयातीपर्यंत, असं लिहायचं." मुलाने मान डोलावली. त्याला राग आला नाही, उलट जरा हायसे वाटल्यासारखे दिसले. आपल्याकडून नेमके काय अपेक्षित आहे, हे त्यालाही प्रथमच कळत होते.

लिहून ठेवणे म्हणजे अविश्वास, अशी आपल्याकडे समजूत आहे. माझा अनुभव वेगळा आहे. शब्द देणाऱ्याच्या मागे तो पुढच्या पिढीला कळावा, म्हणून तो लिहायचा असतो. आपल्यापैकी अनेक जण दिवसभराची कामे उरकून रात्री हा अभ्यास करत असतील आणि आतल्या खोलीत कोणी वडीलधारे माणूस झोपलेले असेल. त्यांच्या नावाचा एखादा कागद कधी घरात आला, तर सहीची जागा दाखवण्याआधी तो त्यांना सावकाश वाचून दाखवावा. वाचता येणाऱ्या माणसावर घराचे एवढे ऋण असतेच.