इंजिन पुन्हा खोलण्याआधी

घरात ट्रक असलेल्या बायका आपल्यात थोड्याथोडक्या नाहीत. कुणाच्या दाराशी स्वतःची गाडी उभी असते, कुणाचा दीर चालवतो, कुणाच्या माहेरी तोच धंदा. हप्त्याची तारीख आपल्याला तोंडपाठ असते. पण गाडी चालू होत नाही म्हटलं की आपण चहा टाकायला आत जातो. त्यातलं आपल्याला काय कळतंय, म्हणून. मी म्हणते, पैसे आपल्याच कपाटातून जायचे ना? मग थोडं कळून घ्यायला काय हरकत आहे?

निमित्त सांगते. आमचा सहा सिलिंडरचा जुना ट्रक दरवर्षी दिवाळीनंतर ऊस वाहतो. मागच्या हंगामाआधी तो इंजिन ऑइल खायला लागला, धूर ओकायला लागला, म्हणून इंजिन बांधायला दिलं. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, सगळं नवं. माझ्या पाटल्या बँकेत तारण गेल्या तेव्हा कुठे बिल भागलं. इकडे ऊसतोडीच्या टोळीला उचल देऊन झालेली, मुकादमाचे फोनवर फोन. आणि इंजिन बसवून सेल्फ मारला, तर नुसतं गरगर फिरतंय! पकडायचं नावच नाही. दोन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी गॅरेजवाले म्हणाले, “पुन्हा खोलावं लागेल. मजुरी वेगळी पडेल.”

मी ह्यांना एवढंच म्हटलं, “कशासाठी खोलायचं, ते आधी विचारा.” त्याचं धड उत्तर कुणाकडे नव्हतं. मग ह्यांनी ओळखीच्या एका म्हाताऱ्या पंपमिस्त्रींना बोलावलं. मी शाळा सुटल्यावर (मी अर्धवेळ शिकवते) डबा घेऊन तिथेच गेले होते. मिस्त्रींनी अर्धा तास पान्याला हात लावला नाही, नुसते प्रश्न विचारले. मी ते हजेरीच्या जुन्या वहीत लिहून घेतले.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन वर येताना आतली हवा दाबून साधारण सतराव्या हिश्शात कोंबतो. त्या दाबाने हवा इतकी तापते, की वरून डिझेलचा फवारा पडला की तो आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९७ मध्ये हे चालवून दाखवलं. डिझेल हे माणसाचं आडनाव आहे, हे आमच्या वर्गातल्या मुलींना अजून खरं वाटत नाही!

तर मिस्त्रींचा पहिला प्रश्न, इंजिन जोरात फिरतंय का? नव्या रिंगा घट्ट असतात, त्यातून बॅटरी अर्धी. इंजिन रडतखडत फिरलं तर हवा तापतच नाही. बॅटरीची अर्थची पट्टी नव्या रंगावर बसवली असली, तरी वीज नीट जात नाही. रंग खरवडला की काम होतं.

दुसरा, डिझेल पोचतंय का? इंजिन बंद करायचा खटका ओढलेलाच राहिलाय का, हे आधी बघायचं. हसू नका, या साध्या गोष्टीपायी सुद्धा इंजिनं उतरवली जातात. मग फिल्टरचा स्क्रू सैल करून हातपंप मारायचा, बुडबुडे थांबेपर्यंत. लाइनमध्ये हवा धरली की पंप काही देत नाही. शेवटी नोझलकडच्या नळीचा नट ढिला करून बघायचं. बोट मात्र लावायचं नाही, ती धार कातडीत घुसते.

तिसरा प्रश्न, सायलेन्सरमधून काय येतं? काहीच येत नसेल तर डिझेल आत जात नाही. आमच्याकडे पांढरा धूर भसाभसा येत होता. ज्यांच्या आईने स्टोव्ह वापरलाय त्यांना हे लगेच कळेल. बर्नर तापण्याआधी पंप मारला की असाच धूर व्हायचा. म्हणजे डिझेल पोचत होतं, पण पेटत नव्हतं. मग एक तर दाब कमी, नाही तर वेळ चुकलेली. टॅपेट फार घट्ट केले तरी व्हॉल्व्ह पुरते मिटत नाहीत आणि दाब निसटतो, गॅस्केट गेलेल्या कुकरसारखा. टॅपेट त्यांनी तपासले, ते ठीक होते.

राहिली वेळ. खरी गंमत इथेच होती. पिस्टन एका फेरात दोनदा वर येतो; एकदा हवा दाबायला, एकदा धूर बाहेर ढकलायला. फ्लायव्हीलवरची खूण दोन्ही वेळा जागेवर दिसते. घड्याळात सात वाजलेले दिसतात, पण सकाळचे की संध्याकाळचे? डिझेलचा पंप इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदाच फिरतो, त्यामुळे तो चुकीच्या सातला जोडला गेला, तर डिझेल अगदी वेळेवर पडतं, पण धूर बाहेर काढायच्या पाळीला.

मिस्त्रींनी वरचं झाकण काढलं. खूण जुळवली, पंप पहिल्या सिलिंडरला डिझेल द्यायच्या बेतात होता. अशा वेळी त्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर सैल हवेत. सैल होते सहाव्याचे! पंपाचं कपलिंग सोडून, तो अर्धा फेर फिरवून पुन्हा जोडायला तासभर लागला. दुसऱ्या सेल्फला इंजिनने पकडलं. हेडला हात लावावा लागला नाही.

गॅरेजची पोरं मधल्या काळात दुसऱ्या ट्रकने ओढून चालू करायचं म्हणत होती. मिस्त्री त्यांच्यावर चांगलेच कडाडले. न पेटलेलं डिझेल लायनरवरचं ऑइल धुऊन काढतं, नव्या रिंगा पहिल्याच दिवशी घासतात. एअर फिल्टरपाशी पेटता बोळा धरणं किंवा ईथरचा फवारा मारणं हेही त्यांनी तसंच मोडीत काढलं. सेल्फसुद्धा दहा-पंधरा सेकंदांवर मारू नये, मध्ये त्याला निवू द्यावं.

तुमची गाडी २०२० नंतरची, बीएस-६ असेल, तर पंपाचा कारभार संगणकाकडे असतो; तिथे आधी स्कॅनर लावायला सांगा. पण बॅटरी, अर्थ आणि डिझेल तिथेही बघावंच लागतं.

मजुरीचं म्हणाल, तर ती मी दिली नाही. चूक जोडण्यातली, तर पैसे आम्ही का द्यायचे? थोडी घासाघीस झाली. ह्यांना संकोच वाटत होता, मला नाही. मिस्त्रींना मात्र मागितले त्याहून पन्नास रुपये जास्त दिले. टोळीचा पहिला ऊस चार दिवस उशिरा निघाला. त्या चार दिवसांचा हिशोब मुकादमाबरोबर अजून मिटलेला नाही, आणि पाटल्याही अजून बँकेतच आहेत.