नोंदीबाहेरची माणसे

कार्ल्याच्या चैत्यगृहातील एक शिलालेख मी माझ्या विद्यार्थ्यांना आवर्जून समजावून सांगतो. धेनुकाकट येथील सामि नावाच्या सुताराने प्रवेशद्वाराचे काम केल्याची ती नोंद आहे. व्यापारी आणि भिक्खूंच्या नावांबरोबर एका कारागिराचे नावही सुमारे दोन हजार वर्षे दगडावर टिकून आहे.

त्याच लेण्यांच्या पायऱ्यांवर काकडी, लिंबू-सरबत विकणाऱ्या कुटुंबांची चूल पर्यटकांच्या येण्यावर पेटते. महामारीमुळे १७ मार्च २०२० रोजी पुरातत्त्व खात्याची स्मारके बंद झाली. पुढील वर्षी १६ एप्रिलपासून दोन महिने ती पुन्हा बंद राहिली. पर्यटक थांबले आणि रोजीही थांबली.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. १३ एप्रिल २०२१ रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, राज्य शासनाने ५,४७६ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्यात शिधापत्रिकेवर महिनाभर माणशी ३ किलो गहू व २ किलो तांदूळ मोफत होते, तर सुमारे ५ लाख नोंदणीकृत फेरीवाल्यांना प्रत्येकी १,५०० रुपये होते. जूनमध्ये केंद्र शासनाने परवानाधारक पर्यटक मार्गदर्शकांसाठी १ लाख रुपयांपर्यंतच्या हमीच्या कर्जाची घोषणा केली.

यातील कळीचे शब्द ‘नोंदणीकृत’ आणि ‘परवानाधारक’ हे होत. २०१४चा पथविक्रेता कायदा शहरी विक्रेत्यांसाठी आहे. कार्ल्याची लेणी तर वेहेरगावच्या डोंगरात आहेत. पायरीवर टोपली मांडणारी आमची माय-बहीण कोणत्या यादीत सापडणार? धान्य तिला मिळू शकले; बुडालेल्या रोजीचा हिशेब मात्र कोणी मागितला नाही. हिंजवडीच्या कंपन्यांचे काम घरून सुरू झाले, तेव्हा मारुंजीतील खानावळी, टपऱ्या आणि धुणीभांडी करणाऱ्या मावश्यांवरही हीच वेळ आली.

संविधानाच्या कलम ४१ नुसार बेकारी, वार्धक्य व आजारपण यांत सार्वजनिक साहाय्याची तरतूद करणे, आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत का होईना, हे राज्याचे कर्तव्य आहे. ते साहाय्य म्हणजे भीक नव्हे. परंतु ते पदरात पडण्यासाठी नाव कागदावर असावे लागते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना एकच विनंती. असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी २६ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली आहे. सुटीत आपापल्या वस्तीत गेलात की फेरीवाले, घरकामगार, बिगारी यांच्याजवळ बसा आणि त्यांचे अर्ज भरून द्या. शिकलेल्या माणसाने समाजाचे ऋण फेडण्याचा हा अगदी साधा मार्ग आहे.