तीन कड्या

पुणे,
कार्तिक शुद्ध ५

चि. बाळास,

तुझे पत्र काल पोहोचले. तुमच्या समोरचे बिऱ्हाड दिवाळीला गावी गेले असता भर दुपारी चोरट्यांनी कटावणीने दाराचा कोयंडा उचकटून कपाट रिकामे केले, हे वाचून मन विषण्ण झाले. परंतु त्याहूनही अधिक घुटमळले ते पत्राच्या शेवटी तू जाता जाता लिहिलेल्या एका ओळीपाशी, की त्या इसमांनी आधी मजल्यावरच्या उरलेल्या तिन्ही दारांना बाहेरून कड्या घातल्या आणि मगच आपल्या कामाला हात घातला. कुलपाचे त्यांना भय नव्हते, त्याला कटावणी होती. जिन्यातल्या कॅमेऱ्याचे नव्हते, त्याला तोंडावरचा रुमाल होता. भय होते ते एखादे दार उघडून कोणी बाहेर येईल आणि ‘कोण पाहिजे तुम्हांला?’ असे विचारील, एवढ्या एकाच गोष्टीचे. शेजाऱ्याचे सामर्थ्य चोराने अचूक ओळखले होते. आपण ते विसरलो आहोत.

सूनबाईने दाराच्या भिंगातून ती दोन माणसे पाहिली, पण समोरच्यांनी सुतार बोलावला असेल असे समजून ती आत वळली, याबद्दल तिला बोल लावू नकोस. समोरच्या बाईंचा फोन नंबरच तिच्यापाशी नव्हता, मग खात्री तरी तिने कोणाकडे करावी?

आपल्या वाड्यातल्या ओटीवरच्या आजी तुला आठवत असतील. दिंडी दरवाजातून कोणीही आत शिरले, की सुपातले गहू निवडणारा त्यांचा हात थांबे आणि प्रश्न येई, ‘कोण हवंय, बाबा?’ तू पाळण्यात होतास त्या वर्षी दोन तरुण भांडी उजळण्याची पूड घेऊन आले. तुझ्या आईने दिलेले निरांजन त्यांनी असे लख्ख करून दिले की तिने विश्वासाने पायातल्या साखळ्या पुढे केल्या, त्याही चकाकल्या, मग त्यांच्यातला एक जण अगदी आर्जवाने म्हणाला, ‘बांगड्याही द्या, हळदीच्या पाण्यात उकळायच्या, झाकण मात्र अर्धा तास उघडायचे नाही.’ तिचा हात मनगटाशी गेला होता, तेवढ्यात आजी सूप बाजूला ठेवून त्या तरुणांजवळ येऊन बसल्या. गाव कोणते, काल कोणत्या आळीत होता, तिथे कोणाच्या घरी काम केलेत, असे त्या शांतपणे विचारू लागल्या. आवाज चढला नाही, कोणावर आरोप नाही. चौथ्या प्रश्नाला त्या दोघांनी पुडी गुंडाळली. त्याच ओटीवर कासाराला, वासुदेवाला, नवीन पोस्टमनलाही हाच प्रश्न विचारला जाई, आणि ते मात्र सुखावत, कारण उत्तरासरशी त्यांना योग्य दार सापडे.

आजींची ही रीत जुनीच. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या जागल्याची कर्तव्ये नोंदली आहेत. त्याने रात्री गस्त घालावी, आल्यागेल्या परक्यावर नजर ठेवून संशयिताची वर्दी पाटलाला द्यावी, हे तर खरेच. पण गावातल्या प्रत्येकाची चालचलणूक त्याला ठाऊक असावी, अशीही अपेक्षा होती, आणि चोरी झालीच तर पावलांचा माग शिवेपर्यंत काढून पुढच्या गावाच्या हवाली करावा, म्हणजे जबाबदारी तिकडे जाई. आपली माणसे ओळखणे हाच त्या बंदोबस्ताचा पाया होता. परका ओळखू येतो तो त्यामुळेच.

म्हणून तुमच्या मंडळींचा तो ठराव, की यापुढे फेरीवाल्यांना नि भिक्षेकऱ्यांना मज्जाव करावा आणि अनोळखी माणूस जिन्यात दिसताच काठ्या घेऊन धरावा, मला मुळीच मान्य नाही, आणि तू त्यावर सही केली नसशील अशी आशा आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजाराच्या दिवशी भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना, मुले पळवणारी टोळी समजून, जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन ठार मारले. भिक्षेच्या निमित्ताने गावोगाव फिरणारी ती माणसे. कोण, कुठले, हे सांगण्याची त्यांना जन्माची सवय. पण त्या दिवशी उत्तर ऐकून घ्यायला कोणी थांबले नाही. हातात काठी आली की प्रश्न पुरा विचारला जात नाही, बाळ. आणि ज्या जमातींना १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्यांच्यावरचा तो शिक्का कागदावरून १९५२ साली पुसला गेला असला तरी जिन्यात आपली नजर आधी कोणावर जाते, याचा विचार तुम्हा शिकलेल्या लोकांनी करायला हवा.

करायचे ते थोडके आहे. चारही घरांचे फोन नंबर एकमेकांपाशी असू द्या. गावी जाताना शेजारी सांगून जा, दाराशी दुधाच्या पिशव्या नि वर्तमानपत्रे साचू देऊ नका. शंका आलीच तर आतूनच ११२ ला फोन करा, अंगावर धावून जाऊ नका. आणि बाहेरच्या त्या कड्या उद्याच काढून टाका, त्यांचा उपयोग चोराखेरीज कोणालाच नाही.

सूनबाईला म्हणावे, समोरच्या बाई गावाहून परतल्यावर रिकाम्या कपाटापुढे एकट्या बसल्या असतील, त्यांच्याकडे चहा घेऊन जा. मार्गशीर्षात मी नाशिकला येईन, तो आगाऊ न कळवता. जिना चढताना कोणी तरी दार उघडून मला ‘कोण पाहिजे?’ म्हणून विचारावे, एवढी तजवीज तोवर करून ठेव.

तुझा,
काका