शीर्षप्रहेलिकेचा हिशेब

आगमांतील कालगणना कानावर पडली की श्रावक हात जोडतो. हिशेब मात्र क्वचितच मांडतो. निफाड-लासलगावच्या बाजारात कांद्याच्या भावातील रुपयाचा फरकही ज्यांच्या नजरेतून सुटत नाही, असे व्यापारीही ‘शीर्षप्रहेलिका’ हा शब्द ऐकून ‘फार मोठी संख्या’ एवढ्यावरच थांबतात. वस्तुतः हिशेबी माणसाने हाती घ्यावी, इतकी या संख्येची मांडणी चोख आहे.

अनुयोगद्वार सूत्रातील क्रम असा : ८४ लक्ष वर्षांचे एक पूर्वांग आणि ८४ लक्ष पूर्वांगांचे एक पूर्व. दर पायरीला याच गुणकाने वाढत अठ्ठाविसाव्या पायरीवर शीर्षप्रहेलिका येते. म्हणजे ८४ लक्षांचा २८ वा घात. ती लिहून काढल्यास १९४ अंक होतात. आधी ५४ अंक आणि त्यांपुढे १४० शून्ये.

अशा संख्येचे मूळ अवयव काढावयाचे कसे? संख्येच्या आकाराला न बिचकता तिची घडण पाहावी. ८४ लक्ष म्हणजे सात वेळा २, एकदा ३, पाच वेळा ५ आणि एकदा ७ यांचा गुणाकार. त्याची २८ पट मोजणी केली की शीर्षप्रहेलिकेत २ हा अवयव १९६ वेळा, ३ हा २८ वेळा, ५ हा १४० वेळा आणि ७ हा २८ वेळा येतो. पाचव्या मूळ संख्येला तेथे स्थान नाही. शेवटच्या शून्यांचे कोडेही येथेच सुटते. प्रत्येक शून्याला एक २ व एक ५ लागतो आणि ५ तर १४० च आहेत. हिला निःशेष भागणाऱ्या संख्या २,३३,६०,४५७ भरतात. हा आकडा विषम आहे, कारण शीर्षप्रहेलिका पूर्ण वर्ग आहे. चौदाव्या पायरीला तिनेच गुणले की अठ्ठाविसावी मिळते.

संख्या किती वेळा निम्मी करता येते, या मोजणीला आचार्य वीरसेनांच्या धवला टीकेत ‘अर्धच्छेद’ म्हटले आहे. या ग्रंथाचे प्रा. हिरालाल जैन यांनी केलेले संपादन १९३९ पासून अमरावतीहून प्रकाशित होऊ लागले. गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे गुणकांच्या अर्धच्छेदांची बेरीज, हा त्यातील नियम आजच्या लॉगॅरिदमचाच होय. अनुयोगद्वारात गर्भज पर्याप्त मनुष्यांची संख्या २९ अंकी सांगितली आहे. ती ९६ वेळा निम्मी होत शेवटी १ वर येते. तिच्यात २ खेरीज दुसरा मूळ अवयवच नाही.

आज बँकेचे व्यवहार सुरक्षित ठेवण्याच्या एका प्रचलित पद्धतीत नेमकी उलट युक्ती योजलेली असते. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार जाहीर केला जातो आणि ते दोन अवयव गुप्त राहतात. अशी एक २०० अंकी संख्या फोडण्यासाठी संगणकांना कित्येक महिने राबावे लागले. ती २००५ साली फुटली. जवळपास तेवढ्याच लांबीची शीर्षप्रहेलिका कागदाच्या एका पानावर उलगडते. अंक सारखेच, पण एकीची जमा-नोंद उघड आहे आणि दुसरीची झाकलेली. मोठेपणा आणि दुर्बोधता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावयास नको. मूळ नोंदी शाबूत असतील तर कितीही फुगलेली खतावणी जुळते.

पावकी-निमकीचे पाढे घराघरांतून मावळले. मोबाइलवरील गणकयंत्रात ८४ लक्षांचा घात घातला की चार-दोन अंकांनंतर घातांक दिसतो आणि मुलांचे कुतूहल तेथेच विझते. उत्तर मिळते, पण घडण हरवते. पाठोपाठ श्रद्धेतील विचारही हरवतो, ही हानी अधिक मोठी. कारण शास्त्राने शीर्षप्रहेलिकेलाही ‘संख्यात’ म्हणजे मोजण्याजोग्यांतच बसविले आहे. पल्योपम, सागरोपम या उपमा त्यानंतर येतात. असंख्यात आणि अनंत यांचा विचार आणखी वेगळा. जेथपर्यंत मोजता येते तेथपर्यंत मोजावे आणि मगच उपमेकडे वळावे, ही ती शिस्त आहे.

यंदाच्या पर्युषणात एखाद्या संध्याकाळी आजोबांनी नातवापुढे कोरा कागद ठेवावा आणि ८४ लक्ष निम्मे करीत जावयास सांगावे. सातव्या वेळी ६५,६२५ उरतील आणि पुढे अर्धे होणार नाहीत. पुढचा प्रश्न मग नातूच विचारील.