आपाच्या वाटणीच्या विड्या

आमच्या घरात विडी ओढणारं कोणी नव्हतं. वळणाऱ्या दोघी होत्या, अम्मा आणि आपा. सोलापूरच्या माणसाला यात नवल वाटणार नाही. विडीकामात पद्मशाली तेलुगू बायका सर्वांत जास्त असल्या, तरी आमच्या मोहल्ल्यातही दुपारी कोणत्याही दारात डोकावलं की मांडीवर सूप घेतलेली बाई दिसायची.

संध्याकाळी तेंदूपत्ता भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचा. फजरची नमाज झाली की अम्मा पानं कापायला बसायची. पानावर पत्र्याचा तुकडा ठेवायचा, त्याच्या मापानं कात्री फिरवायची, जाड शीर टाळायची. शीर मध्ये आली तर वळताना पान फाटतं. मग कापलेल्या पानावर सुपातली चिमूटभर तंबाखू लांबट पसरायची, बोटांत एकदा फिरवायची, निमुळत्या टोकाला दोरा बांधायचा आणि रुंद तोंड आत दुमडायचं. हे सांगायला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात आपाची एक विडी झाली असती.

25 विड्यांचा कट्टा, 40 कट्ट्यांचा हजार, आणि मजुरी हजारावर. सकाळी टोपली डोक्यावर घेऊन कारखान्याच्या शाखेत जायचं. तिथे माणूस कट्टे चाळायचा, नापसंत विड्या छाट म्हणून बाजूला काढायचा. त्या परत मिळत नसत आणि त्यांचे पैसेही मिळत नसत. पानं खराब निघाली, भोकं पडलेली निघाली, तरी हजार पुरे करायची जबाबदारी आपलीच. कमी पडलेली पानं अम्मा बाजारातून विकत आणायची. लहानपणी मला वाटायचं, सगळीच कामं अशी असतात.

तंबाखू मात्र कारखान्यातून मिसळूनच यायची. निपाणीची किती, गुजरातची किती, हे कारखानदाराला ठाऊक. पोतं उघडलं की कोण आधी शिंकतं यावरून आम्ही ती कडक आहे की नाही ते ठरवायचो. रमजानात अम्मा नाकातोंडाला ओढणी घट्ट बांधून बसायची. धुरळा घशात गेला तर रोजा राहतो का, हे तिनं मौलानांना विचारून घेतलं होतं. नकळत गेला तर राहतो, असं उत्तर मिळालं. ओढणी तरीही सुटली नाही.

चौथीपर्यंत मी दोरा बांधायला बसत होते. त्याच सुमाराला अब्बांचा माग बंद पडला आणि आपाची शाळा सातवीवर थांबली. तेव्हा आपली एक मुलगी वळेल आणि दुसरी शिकेल, असं अम्मानं कधी ठरवलं ते मला माहीत नाही. एक दिवस तिनं माझ्या हातातला दोरा काढून घेतला. "तू नक्को बांधू. तू पढ. जोरसे पढ, हमना बी सुनाई देना."

मग मी वाचत गेले. उर्दूचं पुस्तक, इतिहास, वाण्याच्या पुडीचा कागद, जे हाती येईल ते. मराठीचं पुस्तक काढलं की शेजारच्या अक्का आपलं सूप उचलून आमच्या उंबऱ्यात येऊन बसत. त्यांचं घर तेलुगू, शाळा मराठी. मला ळ यायचा नाही. मी 'बाल' म्हटलं की त्या मान वर न करता 'बाळ' म्हणायच्या, आणि मी पुन्हा वाचायची. आज मी मुलांना 'वळण' आणि 'वलन' यातला फरक शिकवते, तो मला एका तेलुगू बाईनं विड्या वळता वळता शिकवला आहे.

नोकरी लागल्यावर कधीतरी वाचनात आलं की आमच्या घरात चालायचं ते जगात इतरत्रही चालत होतं. आपल्या विडीत तंबाखू आत असते आणि पान तेंदूचं. सिगारमध्ये आतला भरावही तंबाखूच्या पानांचा, त्याला बांधणारं पानही तंबाखूचं आणि वरचं निवडक पानही तंबाखूचंच. क्युबात हवानाच्या सिगार कारखान्यांत 1865 पासून कामगारांना मोठ्यानं वाचून दाखवणारा माणूस बसू लागला. सकाळी वर्तमानपत्र, नंतर कादंबरी. त्याचा पगार कामगार आपल्या खिशातून देत. मॉन्टेक्रिस्टो हे सिगारचं नाव तिथे वाचल्या जाणाऱ्या कादंबरीवरून पडलं, असं सांगतात. आपल्याकडे केरळात कन्नूरच्या विडी कामगारांतही ही रीत होती. एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या वाटणीच्या विड्या वळून द्यायच्या.

'त्याच्या वाटणीच्या' या शब्दांशी मी अडकले. कन्नूरला एका दालनात कितीतरी माणसं ओळीनं बसलेली असत. वाचणाऱ्याचा भार त्यांच्यात वाटला जाई, प्रत्येकाला दोनचार विड्या जास्त पडत असतील. आमच्या घरात वाचणारी एक आणि वळणाऱ्या दोन. त्यातही अम्मा स्वयंपाकाला उठायची. माझ्या वाटणीच्या विड्या कोणी वळल्या याचा हिशेब करायला बी.एड.ची गरज नव्हती, पण तो मी बी.एड. झाल्यानंतरच केला. त्या बी.एड.ची फीसुद्धा विड्यांतूनच गेली होती.

1966 च्या कायद्याचं नाव विडी आणि सिगार कामगार असं एकत्र होतं, आणि घरी माल नेऊन काम करणारीही त्यात कामगार धरली होती. पण घरात बसलेल्या बाईला शेजारी बाकी कामगार दिसत नाहीत. तिला दिसतं ते आपलं सूप आणि आपली धाकटी बहीण.

शाळेत दरवर्षी आम्ही तंबाखूमुक्तीची शपथ घेतो. मी ती माइकवर सांगते आणि मनापासून सांगते, कारण ओढणाऱ्यांचे खोकले मोहल्ल्यात पुरेसे ऐकले आहेत. एकदा स्टाफरूममध्ये कोणीतरी सहज म्हणालं, तंबाखूचा पैसा हलाल कसा? मी गप्प बसले. उत्तर नव्हतं म्हणून नाही. उत्तर द्यायचं तर आपाबद्दल बोलावं लागलं असतं, आणि आपाबद्दल मी तोवर आपाशीसुद्धा बोलले नव्हते.

या ईदेला बोलले. तिला आता सुईत दोरा ओवता येत नाही, पण सूप सुटलेलं नाही. मी म्हटलं, आपा, माझ्यामुळे तुझी शाळा गेली. तिनं शीरखुर्म्याची वाटी खाली ठेवली. "शाळा अब्बाके मागसे गई. तू पढते थी तो मेरेकू नींद नै आती थी." मग आठवीच्या पुस्तकातली एक गोष्ट तिनं शेवटापर्यंत सांगितली. मी ती विसरले होते.

हा लेख तिला वाचून दाखवला. अधेमधे ती हसली, हवानाच्या जागी "अच्छा?" म्हणाली. आणि पान कापण्यापासून तोंड दुमडण्यापर्यंतचा भाग आला तेव्हा मला थांबवलं.

"एक नै. दो होते थे. दो लिख."